बोजा पक्का कोणत्या दिवशी?



हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या करारांबरोबर ट्रॅक्टरच्या कर्जाची प्रकरणेही बँकांच्या टेबलावर पडू लागतात. कुणी नवा ट्रॅक्टर घेतो, कुणी पाहुण्याचा जुना उचलतो, तर कुणी आहे त्याच ट्रॅक्टरवर वाढीव कर्ज काढतो. पाच-पंचवीस ठिकाणी सह्या होतात, जामीनदार चहा पिऊन घरी जातात आणि सगळे धरून चालतात, की ट्रॅक्टर आता बँकेला नजरगहाण झाला. झाला हे खरे. पण कुणापुरता? सही देणारा आणि सही घेणारा, या दोघांपुरता. तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने तो कोणत्या दिवशी गहाण पडला, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर सहीच्या तारखेत सापडत नाही.

जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. कर्ज घेतले की तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो. जमीन घेणारा आधी तो रकाना बघतो आणि मगच विसार देतो. वाहनाचा सातबारा म्हणजे आर.सी. बुक. त्यावर बँकेचे नाव लागले की आपण 'एच.पी. चढली' म्हणतो. पण जमिनीसाठी डोळ्यांत तेल घालणारा हाच माणूस ट्रॅक्टरची चावी हातात आली की खूश! वास्तविक जमीन कुठे पळून जात नाही. ट्रॅक्टर एका रात्रीत जिल्हा ओलांडतो.

सही आणि नोंद यांच्यामधल्या दिवसांचे काय होते, याचा नीट कीस अमेरिकेतल्या एका खटल्यात पडलेला आहे. खटला साध्या मोटारीचा, पण मुद्दा ट्रॅक्टरवाल्यांनी ऐकण्यासारखा आहे. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

मिसुरी राज्यात एका बाईंनी १७ ऑगस्ट १९९४ रोजी फोर्ड मोटार कर्जावर घेतली. कर्ज देणारी कंपनी फिडेलिटी फायनान्शियल सर्व्हिसेस. कर्जाचा कागद झाला, मोटार घरी आली. त्या राज्याच्या दप्तरी बोजा नोंदवण्याचा अर्ज मात्र कंपनीने टपालात टाकला तो ७ सप्टेंबरला, म्हणजे एकविसाव्या दिवशी. पुढे दोन महिन्यांनी बाईंनी दिवाळखोरीचा अर्ज केला. तिकडे अशा वेळी दिवाळखोराची मालमत्ता गोळा करून सर्व देणेकऱ्यांत वाटण्यासाठी ट्रस्टी नेमतात. त्या ट्रस्टीने कागद पाहिले, बोटांवर दिवस मोजले आणि कोर्टाला सांगितले, की मोटारीवरचा हा बोजा रद्द करावा.

दिवस मोजण्याचे कारण असे. बुडायला आलेला माणूस शेवटच्या काळात एखाद्याच सावकाराला झुकते माप देतो आणि बाकीचे बोंबलत राहतात, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून अमेरिकेच्या कायद्यात दिवाळखोरीच्या अर्जाआधीचे ९० दिवस तपासतात. त्या काळात जुन्या कर्जाला नवे तारण दिलेले दिसले तर ते मोडता येते. कर्ज आधी आणि बोजा मागाहून, असे झाले की तो बोजा या जाळ्यात सापडतो. अर्थात वस्तू विकत घेण्यासाठीच दिलेल्या कर्जाला सूट आहे, कारण तिथे सावकाराने खरा पैसा ओतलेला असतो आणि त्याच पैशातून ती वस्तू आलेली असते. मात्र या सुटीला एक अट होती. वस्तू ताब्यात आल्यापासून वीस दिवसांत बोजा पक्का झाला पाहिजे. तिकडचे वकील याला बोजा 'परफेक्ट' होणे म्हणतात. आपण पक्का होणे म्हणू.

वीस दिवसांची मुदत आणि कंपनीचा अर्ज एकविसाव्या दिवशी!

कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही. मिसुरी राज्याचा स्वतःचा कायदा तीस दिवस देत होता. तीस दिवसांत अर्ज गेला तर बोजा तो निर्माण झाला त्या तारखेपासूनच पक्का धरावा, असे त्यात लिहिलेले होते. तेव्हा कंपनी म्हणाली, आमचा बोजा १७ ऑगस्टचाच धरा, म्हणजे वीस दिवसांच्या आतलाच झाला. खालच्या कोर्टांनी हे मानले नाही. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १३ जानेवारी १९९८ रोजी तिथेही कंपनी एकमताने हरली. न्यायमूर्ती डेव्हिड साउटर यांनी निकालपत्र लिहिले. राज्याच्या कायद्याने मागची तारीख लावता येत असली, तरी दिवाळखोरीच्या त्या कलमापुरता बोजा पक्का होतो तो सावकाराने आपल्या वाट्याची सगळी कामे पुरी केली त्याच दिवशी, असा त्याचा मतितार्थ. कंपनीने ती एकविसाव्या दिवशी पुरी केली. बोजा गेला आणि कंपनी बिनतारणी देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

निकाल वाचून कुणी म्हणेल, एका दिवसासाठी एवढे? आमचे मत विचाराल तर निकाल कडक आहे पण बरोबर आहे. आपल्या अड्ड्यावरचीच गोष्ट घ्या. गाडी पहाटे चारला फडातून निघाली म्हणून तिचा नंबर चारचा लागत नाही. गाडी अड्ड्यावर येते, टोकन हातात पडते, तेव्हा नंबर लागतो. वाटेत टायर फुटला, चढाला ट्रॉली सुटली, हे सगळे खरे असेल. पण रात्रभर थंडीत रांगेत बसलेल्या मागच्या गाडीवाल्याने त्याची किंमत का मोजावी? उशिरा येऊन 'मी निघालो होतो लवकर' म्हणणाऱ्याला आपण पुढे सोडतो का?

आणि रांगेत मागे कोण उभे असतात तेही बघा. खताचे दुकान, पंप दुरुस्तीवाला, डिझेलची उधारी, हातउसने देणारा मेहुणा. यांनी उधारी दिली ती दारात उभा असलेला ट्रॅक्टर बघूनच ना? त्या ट्रॅक्टरवर कपाटात कुणाचा तरी बोजा आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. नोंदीविना बोजा म्हणजे या सगळ्यांच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी. नोंद करायचे काम ज्याच्या हातात होते त्यानेच उशिराचा तोटा सोसावा, हे आम्हाला न्यायाचे वाटते. पुढे २००५ साली अमेरिकेच्या संसदेने ही मुदत वीसाची तीस दिवस केली. म्हणजे तेच प्रकरण नंतर घडते तर एकविसाव्या दिवसाला कंपनी वाचली असती.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कंपन्यांसाठी असेच दिवस मोजले जातात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा तीस दिवसांत निबंधकाकडे नोंदवायचा असतो. पुढची सवलत मिळते ती जादा फी भरून. नोंदच नसेल तर कंपनी गुंडाळताना तो बोजा जमेस धरला जात नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तर मिसुरीच्या खटल्यातले कलम जवळजवळ तसेच आले आहे. कलम ४३ सांगते, की वस्तू घेण्यासाठी दिलेल्या कर्जाचे तारण झुकत्या मापाच्या आरोपातून वाचवायचे असेल, तर वस्तू कंपनीच्या ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत ते ठरलेल्या नोंद-संस्थेत नोंदलेले हवे. कंपनी म्हणून नोंदलेल्या खाजगी साखर कारखान्याने ट्रक घेतले तर हा हिशेब लागतो.

सभासदाने स्वतःच्या नावावर घेतलेल्या ट्रॅक्टरला मात्र अशी मुदतच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५१ आहे. नजरगहाणाची नोंद आर.सी. वर करावी, नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय वाहन दुसऱ्याच्या नावावर करू नये, हप्ते थकून त्याने वाहन ओढून नेले तर मालकाला नोटीस देऊन आर.सी. त्याच्या नावे करता येईल, हे सगळे त्यात आहे. कलम चांगले आहे. पण कर्ज दिल्यापासून इतक्या दिवसांत नोंद करा, नाही तर तिसऱ्या माणसावर तुमचा बोजा चालणार नाही, हे वाक्य त्यात नाही. १९२० चा जुना प्रांतिक नादारी कायदा तीन महिन्यांतले झुकते माप मोडायला सांगतो, पण त्याचीही आर.सी. वरच्या तारखेशी गाठ घातलेली नाही. शिवाय आपला शेतकरी नादारीच्या कोर्टाची पायरी क्वचितच चढतो. त्याची दिवाळखोरी कोर्टात जाहीर होत नाही, ती चावडीवर कळते. मग ज्याच्या हाती जे लागेल ते तो ओढतो. एक जण ट्रॅक्टर नेतो, दुसरा ट्रॉली सोडवतो आणि तिसरा ऊसबिलावर डोळा ठेवून बसतो.

शोरूममधून नवा ट्रॅक्टर घेतला तर बहुधा अडचण येत नाही, हेही सांगितले पाहिजे. पासिंगच्या वेळीच फॉर्म २० बरोबर बँकेचे नाव चढते. घोटाळा होतो तो जुन्या ट्रॅक्टरवर नवे कर्ज काढताना आणि संस्थेने आपसात, विश्वासावर पैसे दिलेले असतात तिथे. फॉर्म ३४ वर दोघांच्या सह्या होतात, फॉर्म फाइलला लागतो आणि परिवहन कार्यालयापर्यंत पोचतच नाही. आर.सी. कोरी राहते. समजा त्या मधल्या काळात कर्जदाराने तो ट्रॅक्टर शेजारच्या तालुक्यातल्या सभासदाला विकला. घेणाऱ्याने आर.सी. पाहिली, कोरी दिसली, पैसे मोजले, नाव बदलून घेतले. सहा महिन्यांनी संस्थेचा वसुली अधिकारी त्याच्या दारात उभा. यात चोर कोण? विकणारा तर आहेच. पण फॉर्म फाइलला लावून ठेवणाऱ्यालाही आम्ही निर्दोष सोडणार नाही.

इथे आपल्या सहकाराच्या घरातलीच एक गोष्ट बोलली पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४७ ने संस्थेला सभासदाच्या पिकावर, आणि संस्थेच्या कर्जातून घेतलेल्या अवजारांवर व यंत्रांवर पहिला बोजा दिलेला आहे. तो कायद्यानेच लागतो, त्यासाठी आर.सी. वर काही लिहावे लागत नाही. संस्थेच्या लेखी परवानगीविना ती वस्तू दुसऱ्याला देताही येत नाही. हे कलम गरीब संस्थांचा आधार आहे आणि ते काढा असे आम्ही म्हणत नाही. पण आर.सी. वर न दिसणारा बोजा घेणाऱ्याला ओळखू कसा येणार? घेणाराही बहुतेक वेळा आपलाच सभासद असतो. तेव्हा कायदा सक्ती करीत नसला तरी आपल्या सोसायट्यांनी, पतसंस्थांनी आणि बँकांनी वाहनावरचा प्रत्येक बोजा आर.सी. वर चढवलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहकाराला कायद्याने जास्तीचे हत्यार दिले आहे म्हणून ते अंधारात ठेवायचे, हे बरे नव्हे.

नोंदीचे महत्त्व वाढते आहे हे दुसरीकडूनही दिसते. २००२ च्या ज्या कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण जप्त करता येते, त्यात २४ जानेवारी २०२० पासून नवे प्रकरण लागू झाले. केंद्रीय नोंदवहीत तारणाची नोंद नसेल तर त्या कायद्याखाली जप्तीचा हक्क बजावता येत नाही. त्याच वर्षी ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, आपल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात, हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे असा निकाल दिला. म्हणजे ज्या बँकेला ते हत्यार वापरायचे आहे तिने नोंदीचा आळस करून चालणार नाही. पण केंद्रीय नोंदवही बघून ट्रॅक्टर घेणारा शेतकरी आम्हाला अजून भेटायचा आहे. तो बघणार आर.सी., नाही तर मुलाच्या मोबाइलवर गाडी नंबर टाकून 'वाहन'ची नोंद.

यावर बँकवाले मंडळी म्हणतील, नोंद होईपर्यंत पैसे अडवले तर हंगाम निघून जाईल, गरजवंत सावकाराच्या दारात जाईल. हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. ऊसतोड मजुरांच्या टोळीला उचल वेळेवर दिली नाही तर टोळी दुसरीकडे जाते, हे कारखान्याला कुणी सांगावे? पण उपाय आहे. पैसे द्यावेत, मात्र फॉर्म ३४ कर्जदाराच्या हाती न देता बँकेने आपल्या माणसाकरवी दाखल करावा आणि पोच कर्जाच्या फाइलला लावावी. तीस दिवसांत बँकेचे नाव चढलेली आर.सी. फाइलला आली नाही तर शाखाधिकाऱ्याला जाब विचारावा. कायद्याने मुदत घातली नाही म्हणून संचालक मंडळाला ठरावाने घालता येत नाही, असे थोडेच आहे?

जामीनदारांनी तर हा विषय कानात प्राण आणून ऐकावा. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १४१ सांगते, की कर्ज देणाऱ्याने तारण गमावले, किंवा जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडून दिले, तर त्या तारणाच्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होतो. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या खटल्यात याच कलमाने जामीनदाराला सोडवले, कारण बँकेच्या हलगर्जीपणाने तारणाचा माल गेला होता. अर्थात तो माल बँकेकडे ताबेगहाण होता. ट्रॅक्टर कर्जदाराच्या अंगणात उभा असतो, तेव्हा जामीनदाराने त्या निकालावर विसंबून निवांत झोपू नये. सही करून महिना झाला की कर्जदाराला म्हणावे, "दाजी, आर.सी. दाखवा बघू, एच.पी. चढली का?" यात लाजण्यासारखे काही नाही. उद्या पगारातून नाही तर ऊसबिलातून कपात आपल्याच नावे लागणार आहे.

बोजा चढवण्याइतकाच उतरवण्याचा आळस आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता ऊसबिलातून कापला जातो, सभासद निःश्वास टाकतो आणि म्हणतो, "कर्ज फिटलंय की, आता कशाला हेलपाटा?" बँकेचा ना-हरकत दाखला टेबलाच्या खणात पडून राहतो. दहा वर्षांनी मुलगा ट्रॅक्टर विकायला निघतो तेव्हा आर.सी. वर बँक तशीच बसलेली. तोवर शाखा दुसरीकडे गेलेली असते, जुना साहेब निवृत्त झालेला असतो, आणि नव्या साहेबाला तीस वर्षांच्या खतावणीत खाते सापडत नाही. फॉर्म ३५ वर मालक आणि बँक दोघांच्या सह्या लागतात, ही सही मिळवताना मग घाम फुटतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये या बाबतीत चांगले फर्मान काढले. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून ते लागू झाले. गोम अशी, की ते 'वैयक्तिक कर्जां'पुरते आहे. नोकरदाराने घरची मोटार घेतली तर त्याला हे संरक्षण, आणि शेतीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्याचे कर्ज त्या सदरात बसत नाही! मोटारवाल्याचे तीस दिवस मोलाचे आणि ट्रॅक्टरवाल्याचे फुकटचे, हा भेद आम्हाला कळत नाही. साखर धंद्यातल्या आणि सहकारी बँकांतल्या जाणत्या मंडळींनी हे गाऱ्हाणे रिझर्व्ह बँकेपर्यंत नेले पाहिजे. तोपर्यंत आपल्या पंचक्रोशीतल्या संस्थांनी शेवटचा हप्ता जमा होताच सही केलेला फॉर्म ३५ आणि ना-हरकत दाखला एकाच पाकिटात सभासदाच्या हातात द्यावा. त्याला कुणाचे फर्मान लागत नाही.

राहता राहिली ट्रॉली. कायद्याने ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तिचा नंबर वेगळा, आर.सी. वेगळी. ट्रॅक्टरवर बोजा चढला म्हणजे मागच्या दोन्ही ट्रॉल्यांवर आपोआप चढला, असे होत नाही. गावच्या वर्कशॉपात बांधून घेतलेल्या कित्येक ट्रॉल्यांचे पासिंगच झालेले नसते. मग त्यावर बोजा चढवणार कुठे आणि अपघात झाला तर विमा मागणार कुणाकडे? यंदा वाहतूक करार करायला येताना सभासदांनी ट्रॅक्टरबरोबर दोन्ही ट्रॉल्यांच्या आर.सी. आणि विम्याचे कागद सोबत आणावेत, आणि शेती खात्याने करारावर सही घेण्याआधी ते तपासावेत, अशी आमची सूचना आहे.